पीळगाठींपाशी घोडं अडलं

मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या. मालवणात सध्या नायलॉन दोरीचे तुकडे मागाल तितके मिळतात. म्हणून या खेपेला प्रत्येक गाठ आधी हाताने बांधली आणि दोन्ही टोकं लायटरने वितळवून चिकटवली. जाळं सांधत बसलेल्या काकांनी विचारलंच, “दोनय टोकां जोडलंस तर ती सुटतली कशी?” सुटत नाही म्हणूनच मोजायची, काका.

मोजायची म्हणजे गाठ नव्हे, गाठ वगळून उरलेली जागा. ती कमीत कमी किती आदर्श चतुष्फलकं (चार त्रिकोणी बाजूंचे, टोकं अनंताला गेलेले ठोकळे) जोडून तयार होते, ही तिची जटिलता. स्नॅपी हे सॉफ्टवेअर एक जोडणी चुटकीसरशी देतं, पण तीच सर्वांत लहान कशावरून? इथे घनफळ कामाला येतं. हायपरबोलिक अवकाशात (जिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते) आदर्श चतुष्फलकाचं घनफळ १.०१४९४ च्या वर जात नाही. व्हाइटहेड लिंक, म्हणजे एकमेकांत अडकलेली दोन कडी, वगळून उरलेल्या जागेचं घनफळ ३.६६३८६. भागाकार ३.६१, म्हणजे तीन पुरत नाहीत, आणि चारांची जोडणी हाताशी आहे. विषय संपला. एकत्र गुंतलेल्या तीन बोरोमियन कड्यांचं ७.३२७७२, भागाकार ७.२२, तिथे आठ. (तीन छेदांची, म्हणजे दोरी तीनदा स्वतःवरून जाते ती, साधी गाठ हायपरबोलिकच नाही, तिला ही युक्ती लागू नाही.)

छेदांच्या संख्येवर मात्र माझा काडीचा भरवसा उरलेला नाही. पाच छेदांची पीळगाठ (दोन पदर एकमेकांभोवती पिळून टोकं एकमेकांत अडकवलेली) घ्या आणि (−२, ३, ७) प्रेटझेल गाठ घ्या, म्हणजे शेजारी जोडलेले तीन पीळ, आकडे त्या-त्या पिळातल्या छेदांचे. दुसरीला बारा छेद, दोरीत बांधली की नुसतं कडबोळं. तरी दोघींचं घनफळ २.८२८१२ आणि दोघींना तीनच चतुष्फलकं! जागा मात्र निराळ्या. गॉर्डन आणि ल्यूक यांच्या १९८९ च्या प्रमेयानुसार त्या सारख्या असत्या तर गाठीही, फार तर आरशातल्या प्रतिबिंबाचा फरक सोडून, सारख्याच ठरल्या असत्या.

आता अडलंय ते इथे. पीळगाठीला एकेक पीळ वाढवत गेलं की घनफळ २.८२८१, ३.१६४०, ३.३३१७, ३.४२७२ असं सरकतं, पण ३.६६३८६ कधीच गाठत नाही. भागाकार चाराच्या पुढे काही बोलत नाही. ठरावीक चतुष्फलकांतून मोजक्याच जागा जुळतात आणि पीळगाठी तर अनंत, तेव्हा जटिलता वाढत जाणार हे नक्की. किती वेगाने, याला घनफळाकडे उत्तर नाही.

सध्या आठ छेदांच्या पीळगाठीवर रेजिना या सॉफ्टवेअरमध्ये पाख्नर चाली लावतोय: तीन चतुष्फलकं काढून दोन बसवायची, अडलं की उलट. त्यातून वरची मर्यादा खाली येते. खालची मर्यादा हवी तर चार चतुष्फलकांपर्यंतची सगळी यादी चाळणं आलं, आणि ते वीज टिकेल त्या रात्री.