तुम्ही विचारलंत म्हणून: एकदाच नीट का बनवत नाही?

"सारखं छोटं छोटं करून काय बघत बसता? एकदाच नीट बनवा की!" हे मला इतक्यांनी ऐकवलंय की आता सविस्तरच सांगते.

अ‍ॅपमध्ये नवं काही बांधण्याआधी त्याचा छोटा प्रयोग करून बघणं हा वेळकाढूपणा नाही. जीव ओतून बांधलेलं पाडायला कोणी तयार होत नाही, म्हणून बांधण्याआधी बघायचं.

औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप आम्ही करत होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो टाकला की गोळ्यांच्या वेळा आपोआप भराव्यात, ही सगळ्यांची लाडकी कल्पना. ज्यांना विचारलं ते "हो, हवंच" म्हणाले. आमचा एक इंजिनिअर संगणकाला चिठ्ठीतलं अक्षर ओळखायला लावण्याच्या कामाला लागलासुद्धा. मी म्हटलं, आधी हातानं करून बघू. मोजक्या लोकांना सोय दिली, चिठ्ठी माणूस वाचणार हे स्क्रीनवर स्पष्ट लिहिलं, आणि आलेला प्रत्येक फोटो वाचून आमच्यातलंच कोणीतरी वेळा भरायचं. फोटो भरपूर आले. गजर मात्र लोक बंद करत सुटले. फोन करून विचारलं तेव्हा उलगडा झाला. फोटो टाकणारा मुलगा, गोळी घेणारी आई. गजर वाजायचा ऑफिसात बसलेल्या मुलाच्या खिशात.

काम थांबवलं. इंजिनिअरनं एवढंच विचारलं, "इतक्याशा लोकांवरून?" नंतर बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. ते अजून लागतं.

त्याची शंका रास्त होती. एखाद्या बदलामुळे बटण दाबणारे पाच टक्क्यांवरून सहा टक्के झाले का, हे भरवशानं सांगायला जुनं बघणारा आणि नवं बघणारा अशा प्रत्येक गटात साधारण आठ हजार माणसं लागतात. मूठभरांवरून असले निकाल देणाऱ्यांचा मलाही राग येतो. रोज आकडे बघून मनासारखा दिसला की प्रयोग थांबवणाऱ्यांचा तर जास्तच. पण आमचा प्रश्न टक्क्यांचा नव्हताच. गजर कोणाच्या हातात वाजतो, हे थोड्या घरांतूनही दिसतं. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक बनवण्याआधी त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन हिंडायचे, त्यावर लिहिल्यासारखं करायचे. वस्तू खपेल का, हे ठोकळा सांगत नव्हता. जवळ बाळगावीशी वाटते का, तेवढंच सांगत होता.

पूर्वी मी म्हणायचे, प्रयोग केला की वाद मिटतो. कुठला मिटतोय! गजर आईच्या फोनवर वाजवला असता तर अक्षर ओळखणं कामी आलं असतं, असं तो इंजिनिअर आजही म्हणतो. मला ते खोडता येत नाही, कारण ते करून बघण्याआधीच आम्हाला दुसऱ्या कामावर टाकलं.