ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल मी स्वतः बदललं

५० ते ६० च्या वेगात, ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असताना गाडी थरथरायची. दोन-तीन सेकंद, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं. आधी टायरचा संशय आला, मग इंजिनाच्या माउंटिंगचा. पण ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की थरथर जायची, आणि न्यूट्रलमध्ये ती कधीच यायची नाही. तेव्हा नजर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागातल्या, लॉक-अप क्लचकडे वळली. चालत्या गाडीत हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना थेट जोडतो. ऑइल जुनं झालं की त्याची पकड एकसारखी राहत नाही, तो धरतो-सोडतो, धरतो-सोडतो.

गाडी १,१०,००० किलोमीटर चालली होती आणि हे ऑइल एकदाही बदललेलं नव्हतं. गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणाले, "लाइफटाइम ऑइल असतं ते, त्याला हात लावायचा नाही." मला हे पटलं नाही. ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर क्लच आवळले जातात, तेच उष्णता बाहेर काढतं, आणि क्लचची झीजही त्यातच उतरते. ते जन्मभर ताजं कसं राहणार? झेडएफ ही तर खुद्द गिअरबॉक्स बनवणारी कंपनी, ती ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. मग मी गाडीची सर्व्हिस पुस्तिका मिळवली, दोनदा वाचली आणि ठरवलं की हे काम आपणच करायचं.

ऑइल निवडताना घाई केली नाही. डबा लाल रंगाच्या ऑइलचा आहे एवढं पुरत नाही, रंग फक्त गळती ओळखायला घातलेला असतो. डेक्सरॉन ही जनरल मोटर्सची, मरकॉन ही फोर्डची, अशी प्रत्येकाची वेगळी मानकं आहेत. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, ऑइल तर पूर्णच निराळं. पुस्तिकेत जे मानक छापलं होतं तेच डब्यावर शब्दन्‌शब्द सापडेपर्यंत मी थांबले.

माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, नाही. बाजूला ऑइल भरायचा प्लग आणि खाली पॅनला, म्हणजे तळाच्या थाळीला, ऑइल काढायचा प्लग, एवढंच. पातळी तपासायची तर गाडी चारी बाजूंनी सारखी उचलावी लागते, म्हणून चार जॅक स्टँड लावले आणि दाराच्या उंबऱ्यावर पाणसळ ठेवून आडवं-उभं दोन्ही पाहिलं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी कधीच जात नाही. स्टँड लावल्यावरही आधी गाडीला दोन्ही हातांनी जोरात धक्का देऊन बघते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: आधी ऑइल भरायचा वरचा प्लग उघडायचा, ऑइल काढायचा खालचा प्लग नंतर. हा क्रम मी पाळला म्हणून वाचले. वरचा प्लग गंजून असा बसला होता की पाना लावला तर पानाच घसरायला लागला. त्या दिवशी काम तिथेच थांबवलं, गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी लांब दांड्याचा पाना, हळूहळू वाढवलेला जोर, आणि कट्‌ असा आवाज होऊन तो सुटला. आधी खालचं ऑइल काढून टाकलं असतं तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवरच अडकली असती.

खालचा प्लग काढल्यावर थोडंसंच ऑइल आलं, कारण आत पातळी ठरवणारी एक छोटी नळी उभी असते. ती ६ मिलिमीटरच्या ॲलन कीने सोडवली तेव्हा खरी धार सुटली. तपकिरी-काळं ऑइल होतं, हलका जळका वास होता. पॅन उतरवल्यावर आणखी थोडं निघालं. सगळं एका मापाच्या बरणीत धरलं: ३ लिटर. किती निघालं हा आकडा लिहून ठेवलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

पॅनच्या तळाला चार लोहचुंबक होते आणि प्रत्येकावर करड्या लेपाची दाढी. माझ्या छातीत धस्स झालं. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळून पाहिलं, तर काजळासारखं मऊ लागलं, कुठेही कण टोचला नाही. असा मऊ लेप म्हणजे वर्षानुवर्षांची साधी झीज. चकाकणारे तुकडे किंवा हाताला लागणारे कण सापडले असते तर मी तिथेच थांबले असते, कारण तुटलेला भाग ऑइल बदलून जुळत नाही. चुंबक पुसले आणि ज्या जागेवरून काढले त्याच जागेवर बसवले. पुसायला तंतू न सुटणारं कापड घेतलं. ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतले मार्ग इतके बारीक असतात की एखादा धागाही तिथे नको.

जुना फिल्टर खाली आला, पण त्याची रबरी रिंग आली नाही. ती वर भोकातच चिकटून राहिली होती. टॉर्च मारल्यावर काळ्यात काळी अशी जेमतेम दिसली. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला असता तर तो नीट बसला नसता आणि पंपाने ऑइलऐवजी हवा ओढली असती. स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडेल म्हणून प्लास्टिकच्या बारीक हुकाने, पंधरा मिनिटं खर्चून, ती बाहेर काढली.

पॅनचे बोल्ट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना, वापरला. आकडा १० न्यूटन-मीटरच्याही आतला आहे, म्हणजे मनगटाचा जोरही जास्त होतो. समोरासमोरचे बोल्ट घेत, तीन फेऱ्यांमध्ये आवळले. जोरात आवळलं की गास्केट दबून बाहेर येतं आणि गळती तिथूनच सुरू होते.

पातळीची नळी आणि खालचा प्लग परत बसवून हातपंपाने नवं ऑइल भरलं, निघालं त्यापेक्षा पाव लिटर जास्त. आता आली पातळी, आणि या कामाचा सगळा जीव तिच्यातच आहे. ऑइल तापलं की फुगतं, त्यामुळे पुस्तिकेत तापमान दिलेलं असतं. माझ्या गाडीला ३५ ते ४५ अंश. गाडी मोकळ्या जागेत होती, हँडब्रेक ओढलेला होता. इंजिन सुरू करून, ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी काही सेकंद लिव्हर थांबवला आणि परत पी वर आणला. मग धाकटा भाऊ ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर धरून स्टिअरिंगपाशी बसला आणि मी खाली गेले. "ताई, ३१... ३४... ३७ झाले गं!" खालचा प्लग उघडला. आधी बोटभर जाड धार, मग ती बारीक झाली, दोऱ्यासारखी झाली, तुटक झाली आणि शेवटी थेंब थेंब पडायला लागले. तेव्हाच प्लग लावला, नव्या वॉशरसकट.

काही न येता प्लग कोरडा निघाला असता तर आणखी भरायला लागलं असतं. पातळी कमी राहिली की दाब कमी होतो, क्लच घसरतात आणि जळतात. जास्त झाली तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात, आणि फेसालाही दाब धरता येत नाही. गॅरेजमध्ये इंजिन थंड असताना अंदाजाने भरून गाडी हातात देतात तेव्हा मला म्हणूनच राग येतो.

एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. माझ्या गिअरबॉक्समध्ये एकूण ७ लिटर मावतं आणि दर वेळी ३ निघतं. म्हणजे पहिल्या बदलानंतर ५७ टक्के जुनं, दुसऱ्यानंतर ३३, तिसऱ्यानंतर १९. म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने मी पॅन न उघडता आणखी दोनदा बदललं. जुनं ऑइल डब्यांत बंद करून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे दिलं.

पहिल्या बदलानंतर थरथर कमी झाली, दुसऱ्यानंतर पूर्ण गेली. तिसऱ्या वेळी निघालेलं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकलं तर स्वच्छ तांबडं दिसलं. गाडी थंड असताना पी वरून आर मध्ये टाकल्यावर लागणारा छोटासा विलंब मात्र अजून तसाच आहे. तो ऑइलमुळे नसावा, सोलेनॉइड, म्हणजे ऑइलचे मार्ग उघडणारे-बंद करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह, तपासायचे आहेत. बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं मानक लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे.