गेर्लेदाँच्या तळाशी मोजणी

२०१५ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या गेर्लेदाँ धरणाचा जलाशय पार रिकामा केला होता. धरणाची दारं आणि पाण्याकडची भिंत तपासून दुरुस्त करायची होती. त्याआधी तळ दिसला होता तो १९८५ मध्ये. मी तेव्हा रेन शहरातल्या एका छोट्या सर्वेक्षण कंपनीत नोकरीला होतो. आमच्याकडे काम आलं ते मात्र धरणाचं नव्हतं. नाँत ते ब्रेस्त जाणाऱ्या जुन्या कालव्याची सतरा लॉक्स या पाण्याखाली गेली आहेत. तळ उघडा आहे तोवर त्यांतली जमतील तेवढी मोजून ठेवा, असं सांगण्यात आलं. पुढच्या वेळी तपासणी पाण्याखालची यंत्रंच करतील, धरण पुन्हा रिकामं होणार नाही, असं तेव्हा जो तो म्हणत होता.

लॉक म्हणजे कालव्यातली पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद असतो. नाव आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव वरच्या किंवा खालच्या पातळीला येते. ३६४ किलोमीटरच्या या कालव्यावर अशी दोनशेच्या वर लॉक्स बांधली, कारण ब्रिटनी सपाट नाही. वाटेत नद्यांच्या खोऱ्यांमधले तीन उंचवटे ओलांडावे लागतात. एवढा खटाटोप करायचं कारण इंग्रजांचं आरमार. ब्रेस्तच्या नौदल गोदीला लागणारा माल समुद्रमार्गे यायचा आणि इंग्रज तो अडवायचे. तेव्हा नाँतपासून ब्रेस्तपर्यंत देशाच्या आतून पाण्याची वाट हवी, असं नेपोलियनने ठरवलं आणि १८११ मध्ये हुकूम निघाला. कालवा सलग खुला झाला १८४२ मध्ये. तोवर नेपोलियन मरून एकवीस वर्षं झाली होती आणि त्या नाकेबंदीची गोष्ट इतिहासजमा झाली होती. सरकारी कामाला उशीर होतो तो असा!

तळात उतरायला सर्वसामान्य लोकांना बंदी होती, आणि ती योग्यच होती. गाळ वरून वाळून तडकलेला दिसतो, पण आत लोण्यासारखा मऊ. आम्ही सोर्दाँच्या खाडीच्या बाजूने उतरलो. सोबत वॉकीटॉकी घेतलेला एक सुरक्षा कर्मचारी आणि कालव्याच्या देखभाल पथकातला एक गवंडी होता. फळ्या टाकत पुढे जायचं, फळी उचलायची, पुन्हा पुढे टाकायची. मधोमध ब्लाव्हे नदी आपल्या जुन्या पात्रातून निवांत वाहत होती. तिच्या कडेने नाव ओढायची वाट, वाटेच्या कडेला झाडांचे काळेठिक्कर बुंधे, आणि पुढे लॉकवाल्याचं बिनछपराचं घर. दाराची चौकट शाबूत होती.

लॉकच्या काठाचे दगड आम्ही खरड्याने आणि झाडूने साफ केले आणि स्कॅनर मांडला. यंत्र गरगर फिरत दगडांवरच्या असंख्य बिंदूंची जागा मोजून टिपत होतं, तेवढा वेळ आम्हाला बघत बसण्यावाचून काम नव्हतं. गवंडी मात्र बसला नाही. हौदाच्या भिंतीवर हातोडी वाजवत, सांध्यांतून पात्याचं टोक फिरवत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत येऊन जवळजवळ रागाने म्हणाला, “हे माझ्या लॉक्सपेक्षा चांगलं आहे!”

मला आधी गंमत वाटली. पण त्याने वाजवून दाखवलं तेव्हा पटलं. दगड ठणठणीत आवाज करत होता आणि कोपऱ्यावर नावांच्या दोरांनी पाडलेल्या खाचा काल पाडल्यासारख्या स्वच्छ होत्या. ज्या लॉक्सवर दरवर्षी पैसा खर्च होतो, तिथले सांधे याहून मोकळे झालेले मी स्वतः मोजले होते. त्याचं म्हणणं साधं होतं. बांधकाम सतत पाण्यात असलं तर टिकतं. रोज ओलं, रोज कोरडं झालं, हिवाळ्यात फटीत पाणी गोठलं, काठावरच्या झाडाची मुळं आत शिरली, की दगड सुटायला लागतात. चालू कालव्यात हे सगळं होतं. म्हणून हिवाळ्यात नावा बंद असताना एकेक टप्पा रिकामा करायचा, सांधे भरायचे, गाळ काढायचा. ओकची दारं तर काही दशकांनी नवीच करावी लागतात. इथे पंच्याऐंशी वर्षं कुणी हात लावला नव्हता, म्हणूनच सगळं धड राहिलं होतं.

दुपारी डबा खाताना त्याने पाण्याचा हिशेब काढला. या कालव्याचा हौद साधारण सव्वीस मीटर लांब आणि पावणेपाच मीटरच्या आसपास रुंद. पातळीतला फरक अडीच मीटर धरला, तर एक नाव उतरवायला तीनशे घनमीटर पाणी वरून खाली जातं. ते परत वर चढत नाही. नदीकाठच्या भागात ठीक आहे, नदी भरून देते. पण दोन खोऱ्यांमधल्या उंचवट्यावर हे पाणी आणायचं कुठून? तिथेच या कालव्याची खरी अक्कल दिसते. इल्व्हेर्नच्या उंचवट्याला पाणी देण्यासाठी बोस्मेलेआकला बंधारा घातला आणि तिथून पाट काढला. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर. पाट आहे त्रेसष्ट किलोमीटरचा, कारण उतार जेमतेम राखत प्रत्येक टेकडीला वळसा घालावा लागला. पश्चिमेला ग्लोमेलला तर टेकडीच कापली. तीनेक किलोमीटरची ती खोल घळ १८२३ ते १८३२ या काळात कैद्यांकडून खोदून घेतली. आज व्यवस्थापन म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी नावांबद्दल काही बोलणार नाही, उंचवट्यावरच्या या पाण्याबद्दल बोलेन. कोरड्या उन्हाळ्यात लॉकवाले एकट्या नावेसाठी हौद भरत नाहीत, दुसरी येईपर्यंत थांबवतात. पर्यटक कुरकुरतात. कुरकुरू देत.

काठावर, कोरेल गावाच्या बाजूला, त्या उन्हाळ्यात जत्रा लोटली होती. संध्याकाळी सामान गाडीत चढवत होतो तेव्हा एक आजोबा काठी टेकत आले. आमचे चिखलाने माखलेले बूट बघून त्यांनी विचारलं, “अहो, आतली घरं अजून उभी आहेत का?”

“भिंती आहेत, छप्परं नाहीत,” मी म्हणालो.

“छप्परं ८५ सालीही नव्हती.” मग त्यांनी धरणाकडे काठी रोखली. “यांनी कालव्याचे दोन तुकडे केले. बोटी वर न्यायची सोय करायला हवी होती.”

आमच्या गवंड्याला हे ऐकवेना. वीज नको होती का, मग तुमच्या गावात दिवा कसा लागला असता, अशी त्याने सरबत्ती लावली. आजोबाही मागे हटणारे नव्हते. मी मध्ये पडलो नाही, पण माझं मत गवंड्याच्या बाजूने आहे. धरणाचं काम १९२३ ला सुरू होऊन १९३० मध्ये संपलं. तोवर कालव्यावरची स्लेट, धान्य, लाकूड, खत म्हणून शेतात टाकायची वाळू हा व्यापार रेल्वेने बराचसा ओढून नेला होता, आणि मध्य ब्रिटनीला विजेची गरज होती. कमी होत चाललेल्या नावांसाठी पंचेचाळीस मीटर उंच भिंतीवर चढायची व्यवस्था कोण करणार होतं? धरणाच्या पश्चिमेकडचा कालवा तुटला तो तुटलाच. १९५७ मध्ये तो जलमार्गांच्या सरकारी यादीतूनही निघाला. आता त्यातला फिनिस्तेर जिल्ह्यातला भाग सांभाळण्यासाठी वेगळी संयुक्त संस्था आहे आणि पूर्वेकडचा, नावा चालणारा मोठा भाग ब्रिटनी प्रांताच्या ताब्यात आहे. एकच कालवा, पण एकाकडे नावा आहेत आणि दुसऱ्याकडे मुख्यतः मासे पकडणारे आणि सायकलवाले.

आजोबांना मी शेवटी एवढंच विचारलं, की ते इथवर आले कसे. सायकलने, असं त्यांनी काहीशा तोऱ्यात सांगितलं. कालव्याकाठची नावा ओढायची वाट आता सायकलींसाठी आहे, पण गेर्लेदाँला ती पाण्यात जाते, म्हणून सायकलस्वारांना उत्तरेकडून वळसा घालावा लागतो. हा वळसा म्हणजे रेझो ब्रतों या छोट्या रेल्वेचा जुना मार्ग. ती रेल्वे १९६७ मध्ये बंद पडली, रूळ उचलले गेले. ज्या रेल्वेने कालव्याचा धंदा खाल्ला तिच्याच वाटेवरून कालव्याचे प्रवासी आता धरण चुकवतात. हे मी बोलून दाखवलं, तेव्हा आजोबा आणि गवंडी यांचं दिवसभरात पहिल्यांदाच एकमत झालं: रेल्वे बंद करायला नको होती.

नोव्हेंबरपासून पाणी पुन्हा साठू लागलं. आमची बिंदूंची फाइल अवाढव्य निघाली, ती उघडायला कचेरीतल्या संगणकाला धाप लागायची. जुन्या नकाशांतल्या मापांत आणि आमच्या मोजणीत काही ठिकाणी बोटभर फरक निघाला, आणि त्या बोटभर फरकावर अहवालात दोन पानं लिहावी लागली.