मोटर पुरात नव्हे, गोदामात बिघडते

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की गावोगावच्या बोटी बाहेर काढल्या जातात, आणि नेमक्या त्याच दिवशी एखाद्या बोटीची मोटर दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी सुरू होत नाही. पुराचे गढूळ पाणी आणि वाहून आलेला कचरा यांना आपण दोष देतो. परंतु वर्षातील बहुतेक महिने मोटर जुने पेट्रोल पोटात घेऊन उभी असते, आणि माझ्या मते खरे नुकसान तेव्हाच होते.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. (आपल्याच जिल्ह्यातला ऊस असा टाकीत येतो!) इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर धरतात. टाकीतील नळीचे तोंड तळाजवळच असल्यामुळे मोटरच्या वाट्याला आधी तोच थर येतो. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट पिवळसर राप जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे, बारीक छिद्र बुजवतो. टू-स्ट्रोक मोटरीत वंगणाचे ऑइलही पेट्रोलमधूनच जात असेल, तर इंधन कमी पडताच वंगणही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. हा खर्च जेट साफ करण्याच्या कितीतरी पट असतो.

म्हणून हंगाम संपताच कार्ब्युरेटरची मोटर पाण्याने भरलेल्या पिंपात चालू करून इंधनाची नळी काढावी आणि ती आपोआप बंद पडू द्यावी. पिंप हवेच, कारण थंड पाणी खेचणारा पंप कोरडा चालला की त्याचे रबरी पाते जळते. नंतर कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू काढून उरलेले थेंब गाळावेत व टाकीही रिकामी करावी. कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या मोटरीला मात्र हा उपाय लावू नये. तिथे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच करावे.

जूनमध्ये फिल्टरमधील पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून पाहावे. पाणी वेगळे झाले असल्यास तळाशी थर किंवा गोळे दिसतात. नळीवरील रबरी फुगा दाबून कडक झाला पाहिजे. तो मऊच राहिला, तर जोडातून हवा शिरते आहे किंवा आतील झडप गेली आहे. आणि कार्ब्युरेटर खोलण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, एवढे बघावे. तो बंद असला की मोटर थोडा वेळ झकास चालते आणि भर प्रवाहात गप्प होते.