सारंगखेड्याचे घोडे, लांबून

घोड्यावर बसायची मला भीती वाटते आणि घोडे मला अतिशय आवडतात. दोन्ही गोष्टी लहानपणापासूनच्या आहेत, आणि त्यांचं आपसात कधी भांडण झालं नाही. त्यामुळे सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी विचारलं, "तू बसणार नाहीस, तर मग जाऊन करणार काय?" मी म्हटलं, बघणार.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. इथल्या एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते. २०२४ साली ती १४ डिसेंबरला आली होती. यात्रेला तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतात. अलीकडे तिला 'चेतक फेस्टिव्हल' असंही नाव मिळालंय, पण आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. 'सारंगखेडानी यात्रा', बस्स. आम्ही दोंडाईच्याला मामेभावाकडे मुक्काम केला आणि पहाटे निघालो. थंडी चांगलीच होती. तापीचा पूल ओलांडला, दत्ताचं दर्शन घेतलं आणि थेट घोडेबाजार गाठला.

बाजारात सकाळी लवकर जावं, हे माझं ठाम मत आहे. दुपारी गर्दी, धुरळा, भोंगे, पाळणे सगळं एकत्र होतं. सकाळी मात्र नुसते घोडे असतात. अगाडी-पिछाडीला, म्हणजे पुढच्या-मागच्या दोरांना, बांधलेल्या घोड्यांच्या रांगाच्या रांगा, तोंडाला चंदीचे तोबरे, म्हणजे दाण्याच्या पिशव्या, आणि जिकडेतिकडे अंग घासायच्या खराऱ्याचा खर्र खर्र आवाज. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून व्यापारी आलेले. मारवाडी आणि काठेवाडी घोडे कानांवरून लगेच ओळखू येतात. कान आत वळलेले, आणि ताठ केले की टोकं एकमेकांना टेकतात. पंजाबकडचे नुकरे पांढरेशुभ्र, नाकपुड्यांभोवतीची कातडी गुलाबी. एक पंचकल्याणी घोडाही होता, चारही पाय आणि कपाळ पांढरं. त्याच्याभोवती तर माणसांचं कडंच झालं होतं.

मी एका कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या, घोडीसमोर थांबले. मध्ये दोन-तीन माणसांचं अंतर राखून. मालक खरारा करत होता. तळहाताने आधी घाम आणि धूळ चाचपायची, मग मानेपासून मागे हात चालवायचा, मग फडक्याने पुसायचं. प्रत्येक हाताबरोबर तिच्या पाठीवरची कातडी थरथरायची. आयाळ विंचरताना तिने डोळे अर्धे मिटले. मी जरा सरकले, तर तिचा एक कान आधी माझ्याकडे वळला. मान नाही, फक्त कान. दुसरा कान मालकाच्या आवाजाकडेच होता.

मालक शिरपूरकडचा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसी ल्या ना ताई, घोडी गरीब शे."

"माले भ्या वाटस."

"मंग देखा. देखाले थोडाच पैसा लागस!"

त्याने आग्रह केला नाही, हे मला फार आवडलं. उलट कुठे उभं राहायचं ते दाखवलं: खांद्याच्या बाजूला, तिला दिसू अशा जागी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते थेट शेपटीमागचं आणि नाकासमोर अगदी जवळचं. तिथून कुणी अचानक आलं की तो बिथरतो. शिंगं नाहीत, नखं नाहीत; रानात वाघ-लांडग्यांपासून वाचायचं तर पळणं हाच एक उपाय. एवढं थोरलं, ताकदीचं जनावर, पण भीती त्याच्या रक्तातच आहे. मला ते ऐकून घोडीबद्दल एकदम आपलेपणा वाटला. दोघींनाही मध्ये थोडी जागा हवी होती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याने भाव विचारला नाही, आधी घोडीचं तोंड उघडून दात पाहिले. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडायला लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत पक्क्या दातांनी तोंड भरतं; पुढे दातांच्या झिजेवरून वय काढतात. मग अंगावरचे केसांचे भोवरे तपासले. गळ्याखालचा भोवरा, देवमण, शुभ मानतात, तो बोटाने शोधला. मग खूर उचलून नाल पाहिली. शेवटी म्हणाला, "चालाडी दखाडा." मालकाने घोडी मोकळी केली आणि एक पोरगा तिच्यावर बसला.

ती रेवाल चालीत निघाली. या चालीत एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ एकत्र पडतात, म्हणून स्वाराला हिसका बसत नाही. पोराची पाठ सरळ, खांदे स्थिर. स्वाराच्या हातातल्या भरल्या तांब्यातलं पाणी हिंदकळणार नाही, असं म्हणतात ते उगाच नाही. खाली मात्र चार पाय वेगाने धूळ उडवत होते. मानेचा बाक, उचललेली शेपटी, उन्हात चमकणारी पाठ. वर बसलेल्या पोराला यातलं काहीच दिसत नव्हतं. ते फक्त आम्हा काठावरच्या माणसांना दिसत होतं, आणि मी मनापासून सांगते, मला त्याच्या जागी जावंसं वाटलं नाही.

भाव काही जमला नाही. बाजारात लाखांच्या गोष्टी चालतात, दोघंही ताणून होते. गिऱ्हाईक पुढे गेलं, घोडीला पुन्हा पिछाडी लागली.

दुपारी नाचणारे घोडे पाहिले. हलगीच्या ठेक्यावर घुंगरू बांधलेले पाय उचलतात, गर्दी जोरात टाळ्या देते. पण खरं सांगायचं तर माझं मन तिथे रमलं नाही. मला उभा, चरणारा, कान हलवणारा घोडा जास्त आवडतो. मामेभाऊ मात्र तिथून हलायला तयार नव्हता. मग ठेचा-भाकरी आणि भरीत खाऊन मी एकटीच शिंगरांच्या बाजूला परत गेले.

तुमच्यापैकी कुणाला माझ्यासारखी भीती वाटत असेल, तर यात्रेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच जा, पुढे विकलेले घोडे निघून जातात. उजाडताच पोचा. भडक ओढणी वाऱ्यावर फडफडू देऊ नका, मागून जाऊ नका, मालकाला विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि कुणी "बसा ना" म्हटलं, तर सरळ नाही म्हणा. आमच्याकडचे लोक वाईट वाटून घेत नाहीत.