जेवणाच्या सुट्टीनंतरच हँग होणारा काटा

जालन्याच्या एमआयडीसीत एका स्टील कारखान्याचा वजनकाटा आहे, तिथलं सॉफ्टवेअर कारखान्यातल्याच लिनक्स मशीनवर चालतं आणि त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस संभाजीनगरच्या हेड ऑफिसात. तिथून दुपारी जेवणं झाली की फोन ठरलेला, "सर, काटा हँग व्हायलाय, भंगाराच्या गाड्या गेटच्या बाहेर लागल्यात, ड्रायव्हर लोक अंगावर यायलेत." सकाळी पहिल्या गाडीलाही तेच. एरवी दिवसभर एकदम मख्खन.

असं काही झालं की सगळे आधी क्वेरीवर घसरतात, इंडेक्स टाका, व्हॅक्यूम मारा, रॅम वाढवा. अरे पण क्वेरीच स्लो असती तर गाड्यांच्या गर्दीत रडली असती ना, तासभर रिकामं बसल्यावरच का रडते? मी तर हँगची तक्रार आली की आधी हेच विचारतो, की त्याच्या आधी किती वेळ कोणी कशाला हात लावला नव्हता.

हँग चालू असतानाच दोन्हीकडं एकदम बघितलं. डेटाबेसवर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत, म्हणजे चालू कनेक्शनांच्या यादीत, काट्याचं सेशन निवांत 'आयडल' (रिकामं), शेवटची हालचाल जेवणाआधीची. म्हणजे क्वेरी तिथं पोचलीच नाही! आणि काट्याच्या मशीनवर कनेक्शनं दाखवणारी एसएस कमांड मारली तर सेंड-क्यूमध्ये (पाठवायच्या रांगेत) बाइट्स अडकलेले, रिट्रान्समिटचा (परत पाठवण्याचा) आकडा हळूहळू वाढायला. जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडंप लावला, जालन्याहून पॅकेट निघतंय, संभाजीनगरला येतच नाही. एरर नाही, नकार नाही, काहीच नाही. इथंच मधल्या फायरवॉलवर संशय पक्का झाला.

स्टेटफुल फायरवॉल म्हणजे गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर समजा, आत कोण गेलं त्याची नोंद ठेवतो पण बराच वेळ हालचाल नसली की नोंद खोडून टाकतो, आणि कुणाला सांगत नाही. सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये टीसीपी कनेक्शनचा हा आयडल टाइमआउट डीफॉल्ट 1 तास असतो, अझ्युरच्या लोड बॅलन्सरला 4 मिनिटं. आणि लिनक्सचा कीपअलाइव्ह, म्हणजे रिकामं कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणारी सोय, पहिलं पॅकेट पाठवतो 7200 सेकंदांनी, म्हणजे 2 तासांनी! तोवर नोंद कधीच गेलेली. दोन्ही टोकांना वाटतं कनेक्शन जिवंत आहे, मग क्वेरी जाते, फायरवॉल म्हणतो ह्या पॅकेटला ना सिन (नवीन कनेक्शन मागायची खूण) ना नोंद, टाक बाहेर. लिनक्स बिचारा परत परत पाठवत बसतो, किती वेळा पाठवायचं ते ठरवणारं टीसीपी_रिट्राइज2 डीफॉल्ट 15, त्याचा हिशोब साधारण 924 सेकंद, म्हणून पंधरा-सोळा मिनिटांनी एकदाची टाइमआउटची एरर येते, नवीन कनेक्शन होतं आणि काटा आपोआप चालू. लोकांना वाटतं रीस्टार्ट केलं म्हणून चाललं.

नेटवर्कवाल्या दादांचं म्हणणं एकच, "पोस्टग्रेसचा पोर्ट 5432 ओपन आहे, टेलनेट करून बघा." टेलनेट होणारच की, ते नवीन कनेक्शन आहे, त्याचं सिन पॅकेट रूलमधून जातं. जुन्याचं काय, ते टेलनेट सांगत नाही.

इलाज फार मोठा नाही. पोस्टग्रेसमध्ये टीसीपी_कीपअलाइव्ह्ज_आयडल 300 सेकंद केलं आणि कॉन्फिग रीलोड, रीस्टार्टची पण गरज नाही. ओरॅकल असेल तर सर्व्हरच्या एसक्यूएलनेट फाइलमध्ये एक्सपायर_टाइम 10, ते मिनिटांत असतं. फायरवॉलचा टाइमआउट वाढवून घ्यायच्या मी विरोधात आहे, उद्या बॉक्स बदलला की परत तेच रडगाणं.

कनेक्ट होतानाच अडकत असेल तर गोष्ट वेगळी. फायरवॉल रिजेक्ट करत असेल तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच येतं, गुपचूप ड्रॉप करत असेल तर लिनक्स सिन परत परत पाठवून साधारण दोन मिनिटांनी हार मानतो. आणि छोटी क्वेरी चालते पण मोठा रिपोर्ट अडकतो असं असेल तर एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) बघा, 'पॅकेट फार मोठं आहे' हा निरोप आणणारं आयसीएमपी कुणीतरी सरसकट बंद केलेलं असतं.

एक मात्र ध्यानात ठेवा, नुसता सिस्टिमचा कीपअलाइव्ह टाइम कमी करून भागत नाही, त्या सॉकेटवर, म्हणजे त्या कनेक्शनवर, कीपअलाइव्ह चालू असावा लागतो. पोस्टग्रेसचा सर्व्हर तो स्वतः चालू करतो, पण जावाच्या ड्रायव्हरमध्ये टीसीपीकीपअलाइव्ह डीफॉल्ट बंद असतो. एसएस कमांडला टायमरचा ऑप्शन लावून बघा, कनेक्शनसमोर कीपअलाइव्ह आणि उलटी मोजणी दिसली तरच तो खरंच चालू आहे.