मुंबई–सिंगापूर: ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास आणि घड्याळातले आठ

मुंबई ते सिंगापूर सरळ हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. विमान हवेत असतं पाचेक तास, पण तिकिटावर साडेपाच दिसतात. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडच्या गेटला लागलं की संपतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. रात्रीच्या गर्दीत उड्डाणाच्या रांगेत वीस मिनिटं सहज जातात.

खरी गंमत घड्याळाची. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. रात्री ११:३० ला सुटलेलं विमान तिथे सकाळी ७:३० ला उतरतं. हिशेबात आठ तास भरतात म्हणून लोक मस्त झोप होईल असं धरून चालतात. होत नाही. पहिला दीड तास जेवणात जातो, उतरायच्या तासभर आधी दिवे लागतात. उरतात जेमतेम अडीच-तीन तास. म्हणून मी घरूनच जेवून निघतो आणि विमान वर गेलं की डोळे मिटतो. उतरताना शरीराच्या लेखी पहाटेचे पाचच वाजलेले असतात आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय हाती येत नाही. सामान ठेवून घेतील का, हे आधीच विचारून ठेवावं.

बाहेरही नुकतंच उजाडलेलं असतं. सिंगापूरने १९८२ मध्ये घड्याळ अर्धा तास पुढे केलं, त्यामुळे तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो.

वाट दख्खन ओलांडून नेल्लोरच्या बाजूला समुद्रावर येते, मग बंगालचा उपसागर, निकोबार आणि मलाक्काची सामुद्रधुनी. पावसाळ्यात उपसागरावर ढगांमुळे हादरे बसतात. पट्टा सोडू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून जोराचा वारा वाहतो, तो जाताना समोरून येतो.

कोलंबोमार्गे गेलं तर अंतर सव्वाचार हजारांच्या आसपास, म्हणजे फारसं वाढत नाही. वेळ खातो तो मधला मुक्काम. तिकीट बरंच स्वस्त असेल तरच त्या वाटेला जावं.

व्हिसा वेगळा, पण अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायचा माहितीचा अर्जही लागतो. ते पोहोचायच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं आणि फुकट असतं. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे, ती तिथल्या तिथे बंद करा. चांगीची, म्हणजे सिंगापूर विमानतळाची मेट्रो टर्मिनल २ आणि ३ खालून सुटते; शहरात जायला तानाह मेराहला गाडी बदला. टर्मिनल ४ ला उतरलात तर आधी फुकटची बस पकडावी लागते, तिचा वेळ धरा.

परतीला उलटा हिशेब: संध्याकाळी ६ ला निघालात की रात्री ९ ला मुंबई.